वाचकांचे प्रश्न: टक्का 95, तरी दप्तरात ढीग

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात मी अव्वल कारकून आहे. मासिक आढाव्यात फेरफार (सातबाऱ्यावरच्या हक्कबदलाच्या) नोंदींचा निकाली टक्का 90 च्या खाली येत नाही, तरी खिडकीवर तीच ती माणसं हेलपाटे घालतात. आढाव्यात काय चुकतंय?

उत्तर: चूक टक्क्यातच आहे. महिन्याला 200 नोंदी आल्या, 190 निकाली निघाल्या, टक्का 95. उरलेल्या 10 तशाच पडत गेल्या तर वर्षाअखेर 120 साचतात, आणि टक्का तेव्हाही 95 च! म्हणून पहिला रकाना प्रलंबित नोंदीच्या वयाचा हवा: 30 दिवसांपर्यंत, 60, 90, त्यापुढे. वारस नोंद अडली की त्या घरचं पीककर्ज अडतं, हे विसरून चालणार नाही.

मग प्रत्येक जुन्या नोंदीपुढे चार तारखा लिहा: अर्ज, नोंद, नोटीस बजावणी, मंजुरी. हरकतीचे 15 दिवस कायद्याचे. त्यांना हात लावता येत नाही. वेळ जातो तो त्या 15 दिवसांच्या अलीकडे-पलीकडे. पुष्कळदा एखादा वारस पुण्याला किंवा भिवंडीला असतो. नोटीस निघते, पण बजावणीची तारीखच चढत नाही. मग मंडळ अधिकाऱ्याला कितीही दटावलं तरी तो मंजुरी देणार कशी? तक्रारी नोंदी, म्हणजे हरकत आलेल्या, मात्र वेगळ्या काढा, त्यांना सुनावणी लागते.

टक्क्याचा दट्ट्या बसला की किरकोळ त्रुटी दाखवून नोंद नामंजूर करण्याकडे कल जातो. तोच गट नंबर तीन महिन्यांत पुन्हा आला का, ते तपासा. निकाली नोंदींतल्या कुठल्याही दहा अर्जदारांना फोन करा.

तालुक्यांची तुलना जपून करा. आषाढीला पंढरपूर, माळशिरसचे कर्मचारी वारीच्या बंदोबस्तात असतात. त्यांचे आकडे अक्कलकोटशेजारी ठेवणं अन्याय आहे. गेल्या वर्षीचा तोच महिनाही फसवतो: आषाढी एकादशी 2023 ला 29 जूनला होती, 2024 ला 17 जुलैला.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने 2000 पासून असे आढावे दर दोन आठवड्यांनी घेतले. मागच्या बैठकीत ठरलेलं झालं की नाही, हे लगेच विचारता येत होतं. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. आकडे दोन दिवस आधी सगळ्यांच्या हातात द्या. आणि बैठकीत कारणे दाखवा नोटीस काढू नका. पुढच्या महिन्यापासून खऱ्या तारखा मिळणं बंद होतं.