आज किती आली?

“शुगर निघाली. पोरानं मशीन आणून दिलं. पण सकाळी आकडा बघितला की दिवसभर कशातच मन लागत नाही. मोजू की नको मोजू?”

नव्यानं मधुमेह कळलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली की शब्द थोडे इकडेतिकडे होतात, प्रश्न हाच असतो. एका वाक्यात उत्तर देऊन मी पूर्वी मोकळी व्हायचे. आता होत नाही, आणि त्याला कारण अण्णा आहेत. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगतेय. ओळख पटेल अशा खुणा बदलल्यात.

अण्णा ५४ वर्षांचे. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर मुनीम. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात सकाळी सातला दुकानात, रात्री नऊला घरी. पायाची जखम महिनाभर भरेना म्हणून दवाखान्यात गेले तर उपाशीपोटी १८८, जेवणानंतर २७४ आणि तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ९.१. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या पुढं, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा त्याच्या पुढं गेलं की मधुमेह धरतात. इथं शंकेला जागाच नव्हती. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या, पाय जपायला सांगितलं आणि महिन्यानं या म्हणाले.

माझ्याकडे त्यांच्या बायको, काकू, त्यांना घेऊन आल्या. “बोलत नाहीत, चिडतात. रात्री दोनला उठून बोट टोचतात बगा.”

अण्णांनी पिशवीतून वही काढली. लाल कापडी बांधणीची, दुकानातलीच. तारीख, वेळ, आकडा. दिवसाला सात-आठ नोंदी. १४० च्या वरचा प्रत्येक आकडा लाल शाईनं, आणि पानाच्या तळाशी चक्क बेरीज. बेरजेचं काय करता, विचारलं तर म्हणाले, “काय न्हाई. नावे किती पडलं ते कळतं.”

ही १४० ची रेघ कुठून आली? मोबाईलवर कुणीतरी पाठवलेल्या तक्त्यातून. त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत. ती चिठ्ठी वहीतच घडी करून ठेवलेली होती. माणूस घाबरला की हातातला कागद वाचत नाही.

त्यांना एकटं वाटत असावं म्हणून मी सांगितलं की २०२३ मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग त्या दहा कोटींचं मी काय करू, म्याडम?” बरोबर होतं त्यांचं.

झोप, भूक, कामातला रस, जीव नकोसा होतो का, हे सगळं मी विचारलं. नैराश्याची लक्षणं नव्हती. असती तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. (घरात कुणाचं तसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.) अण्णांचा त्रास वेगळा होता. रोजचा आजार सांभाळताना येणारा थकवा, अपराधीपणा, सतत कुणीतरी तपासतंय ही भावना. मधुमेहात हे फार जणांना होतं. तो वेडेपणा नव्हे, तसं त्यांना सांगितलंही.

मग माझ्याकडून चूक झाली. दुसऱ्या भेटीत वहीत एका सकाळी ९२ दिसलं आणि मी म्हणाले, “अरे वा! छान!” अण्णा पहिल्यांदा हसले. मलाही बरं वाटलं.

तिसऱ्या भेटीच्या दिवशी सकाळी त्यांनी ठरवलं, आज म्याडमला पुन्हा छान आकडा दाखवायचा. गोळी घेतली, नाश्ता केला नाही. कोऱ्या चहावर मोंढा गाठला. अकराच्या सुमारास हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, पावतीवरचे आकडे दिसेनात. हमालांनी धरून पोत्यावर बसवलं. मशीन खिशात होतंच. ५६. शेजारच्या गाड्यावरून उसाचा रस आला, मग घाबरून पेढे, मग डबा. दोन तासांनी पुन्हा मोजलं, २६८.

माझ्यापुढं बसून ते रडले ते ५६ साठी नव्हे. “२६८ आलं, म्याडम. सगळं घालवलं.”

त्या दिवशी मला कळलं की माझं “छान” आणि घरातलं “अगंबाई, एवढी?” या दोन्ही गोष्टी एकच काम करत होत्या. आकडा आला की त्याच्यावर शेरा. मग माणूस साखर सांभाळायचं सोडून शेरा सांभाळायला लागतो. मी अण्णांची माफी मागितली. त्यांना ती फार अवघड वाटली, विषय बदलून टाकला त्यांनी.

गोळ्यांच्या बाबतीत मी बोलत नाही. त्याच दुपारी डॉक्टरांना फोन लावला. दोनपैकी एक गोळी उपाशीपोटी साखर फार खाली नेणारी होती, ती त्यांनी बदलली. ७० च्या खाली गेलं तर काय करायचं तेही अण्णांनी त्यांच्याकडून लिहून घेतलं: तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग थोडं जेवायचं. अख्खा पेढ्यांचा पुडा नाही. अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मोजण्याला वेगळं महत्त्व आहे. नुसती मेटफॉर्मिन ही गोळी असेल तर बहुतेकांना रोज सात वेळा बोट टोचायची गरज नसते. किती वेळा मोजायचं हे औषध ठरवतं, धास्ती नव्हे.

मग मी त्यांना त्यांच्याच धंद्याचं विचारलं. सोयाबीनची गाडी आली की ओलावा कसा बघता?

“चार-सहा पोत्यातनं वानगी काढायची. यंत्रात घालायची. बारा टक्क्याच्या पुढं असला की भाव तुटतो.”

“एकाच पोत्याची वानगी घेऊन अख्ख्या गाडीचा भाव करता?”

“शेतकरी मारंल की मला.” आणि मग थांबून, वहीकडं बघत, “हे एकेक पोतं हाय व्हय?”

एचबीएवनसी म्हणजे सगळ्या गाडीचा अंदाज, कारण तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर त्यांच्यावर नोंदलेली राहते. हे मी पुढं जोडलं, पण गरज नव्हती. गडी समजला होता.

त्यानंतर आम्ही आठवड्याला एकच प्रश्न घ्यायचं ठरवलं. पहिला त्यांनीच काढला: रात्री झोपताना १३४, सकाळी उठल्यावर १५८, हे कसं? काकूंना वाटत होतं हे रात्री उठून गूळ खातात. डबा वरच्या फळीवर गेला होता. खरं कारण एवढंच की पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडतं. न खाताही आकडा चढतो. डबा खाली आला नाही, पण संशय गेला.

दुसरा प्रश्न भाकरीचा. आपल्याकडं ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरवरचं औषधच अशी समजूत आहे. ज्वारी चांगलीच, पण तिच्यातही पिष्टच आहे. अण्णांनी तीन दिवस तीन भाकऱ्या आणि पातळ वरण, नंतरचे तीन दिवस दोन भाकऱ्या, जाड डाळ, मेथीची भाजी आणि जेवणानंतर गल्लीत पंधरा मिनिटं फेरी, असं करून आधी आणि दोन तासांनी मोजलं. दोन तासांनंतरचा आकडा पहिल्या तीन दिवसांत २१० च्या आसपास, दुसऱ्यात १६५ च्या. तुमच्या घरी हेच आकडे येतील असं नाही. पण आता त्यांच्याकडं स्वतःचं उत्तर होतं, मोबाईलवरचं नव्हे.

एका मंगळवारी २४० आलं. प्रसाद वाटून तसंच बोट टोचलं होतं. हात धुऊन, पुसून पुन्हा बघितलं तर १७१. तेव्हापासून आधी साबण. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, दुखतं कमी. पट्ट्यांची डबी घट्ट बंद. उन्हाळ्यात ती मोंढ्यातल्या पत्र्याखाली ठेवायची नाही. आणि चांगल्या मशीनमध्येही पंधरा टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं होऊ शकतं, त्यामुळं १४६ आणि १५४ मध्ये फरक शोधत बसायचं नाही.

सगळ्यात अवघड काम घरातलं होतं. “आज किती आली?” हा प्रश्न बंद करायचा. काकू म्हणाल्या, “मग काळजी दाखवू कशी?” रास्त सवाल होता. दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली: संध्याकाळी अण्णांसोबत फेरीला स्वतः जायचं आणि तिथं शुगर सोडून बोलायचं. म्हणे लग्नानंतर एवढं चाललोच नव्हतो दोघं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.४ आली. मी “बरं” म्हणाले, एवढंच.

वेळ अमावस्येनंतर अण्णा आले. हीच येळवस, म्हणजे शेतात कडब्याच्या कोपीतली पूजा, हिरवे दाणे आणि भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, उंडे आणि गव्हाची गुळातली खीर. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला त्या दिवशी पथ्य सांगणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं. वही पुढं सरकवली. निळ्या शाईत: जेवणाआधी १२८. दोन तासांनी २१४. बाजूला बारीक अक्षरात, ‘खीर २ वाट्या. आंबील १ लोटा. भज्जी मोजली नाही. नंतर लिंबाखाली झोपलो.’

तळाशी बेरीज नव्हती.

“पुढल्या साली खीर एकच वाटी,” अण्णा म्हणाले, “आन् झोपायच्या आधी बांधावरनं एक चक्कर. पण भज्जी कमी करायची न्हाई, म्याडम, हे आत्ताच सांगून ठेवतो.”