दत्तक आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाला जुलाब होताहेत, घरी काय करू?

तुम्ही लिहिलंय की देशी पिल्लू परवा आणलं, कालपासून चार-पाचदा पातळ शी झाली, खेळतंय मात्र नीट, आणि घरचे दूध-भात देताहेत. आधी ते दूध बंद करा. गाई-म्हशीच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा लॅक्टोज जास्त असतं, बऱ्याच पिल्लांना ते झेपत नाही. मीही सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेल्या पिल्लाला पहिल्याच रात्री मायेने वाटीभर दूध पाजलं आणि पहाटे तीनला गॅलरी धूत बसले.

दोन-तीन दिवस बिनहाडाचं उकडलेलं चिकन आणि आसट भात द्या. मीठ, तेल, फोडणी काही नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. घरात चिकन चालत नसेल तर भातात उकडलेला लाल भोपळा आणि चमचाभर ताजं दही कालवा. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. 'लंघन करू दे, पोट आपोआप बसेल' असं कुणीतरी सांगेलच. मोठ्या कुत्र्याला ते एखादवेळ चालेल, एवढ्याशा पिल्लाला उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरून ते निपचित पडू शकतं. आमच्या आजीने जायफळ उगाळून चाटवायला सांगितलं होतं. तेही नको, जायफळ कुत्र्यांना बाधतं. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्याही देऊ नका.

पिल्लू ज्यांच्याकडून आणलं त्यांना फोन करून ते तिथे काय खात होतं हे विचारा. शी घट्ट झाली की तेच खाणं हळूहळू सुरू करा आणि तुमचं नवीन खाणं त्यात आठवडाभर थोडं थोडं वाढवत न्या. नवं घर, नवे आवाज, आई-भावंडं नाहीत, एवढ्यानेही पोट बिघडतं.

खरं लक्ष शीपेक्षा पिल्लाकडे द्या. ओठ उचलून हिरड्या बघा: ओल्या आणि गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या चिकट लागल्या, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. हिरड्या पांढुरक्या असतील तर अंकुशकृमी रक्त पीत असण्याची शक्यता असते. पोट ढोलकीसारखं टम्म असेल तर बहुधा गोलजंत. ते आईच्या पोटातूनच येतात. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून ते डॉक्टरांकडूनच घ्या.

उलट्या, शीत रक्त, घाणेरडा उग्र वास, खाण्याकडे पाठ, मलूलपणा, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा. पार्वो या विषाणूच्या आजारात पिल्लू एक-दोन दिवसांत हाताबाहेर जातं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही लागतात, म्हणजे आजार ते येतानाच घेऊन आलेलं असू शकतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी परत द्यावी लागते. एका टोचणीवर निर्धास्त राहू नका. फिनाईलने हा विषाणू मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशी पुसा, वाळेपर्यंत पिल्लाला लांब ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना ताजी शी डबीत घेऊन जा, जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला अगदी बारीक परजीवी) त्यातच सापडतात. मी रिकाम्या हाताने गेले होते, मला परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला हाताला लागला श्रीखंडाचा रिकामा डबा. धुवून ठेवलाय, पण घरात त्याला कुणी हात लावत नाही.