उचलून नेता येईल तेवढंच

«मावशी, नौपाड्यात आमची जुनी सोसायटी आहे, लिफ्ट नसलेली. मी दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. वय ६३. हे जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा-सून बंगळुरूला. भिशीचे चाळीस हजार हातात आलेत. घराला रंग काढावा, चार कुडते शिवावेत आणि केस रंगवणं सोडून द्यावं, असं फार मनात आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, पैसे मातीत घालू नकोस.’ नऊ वर्षं जातेच आहे. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, ‘आता कोणाला दाखवायचंय?’ तेव्हापासून रंगाचं शेडकार्ड कपाटात ठेवून दिलंय. यांची वेताची खुर्ची फाटलीये. ती टाकवत नाही आणि बघवतही नाही. माझं काही चुकतंय का?»
— एक वाचक, ठाणे

ताई,

शेडकार्ड कपाटातून बाहेर काढा. मग बोलू.

तुमच्या मुलाचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं आपण वापरून घेऊ. पडायच्या इमारतीत फरशी बदलायची नाही, ओट्याला नवा ग्रॅनाइट नाही, फॉल्स सीलिंग तर नाहीच. भिंतीत आणि जमिनीत जे पुरलं जातं ते बिल्डरच्या जेसीबीला वाहिलेलं समजा. पण दिवा, पडदा, खुर्ची, स्क्रू काढून सोबत नेता येणारी दांडी, अंगावरचा कुडता, डोक्यावरचे केस, हे सगळं भाड्याच्या घरातही तुमच्याबरोबर येणार आहे आणि पुढच्या नव्या घरातही. खर्च करताना एवढंच विचारायचं: घर सोडताना हे उचलून नेता येईल का? येत असेल तर चाळीस हजारांना हात घाला. रंग तेवढा अपवाद, पण त्याच्यावर येते.

मुलाला एक सांगा. रीडेव्हलपमेंट ‘जाणार’ आणि ‘गेली’ यांत किती वर्षं जातात ते ठाण्यात राहणाऱ्यांना बंगळुरूहून कोणी सांगायला नको. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. पहिल्या २००९ च्या, सुधारित ४ जुलै २०१९ च्या. सभासदांनी जागा रिकामी करायची ती सगळ्या कायदेशीर परवानग्या हातात आल्यावर. तुमच्या सोसायटीत विकासकाची निवड झालीय का, करारनामा झालाय का, हे सेक्रेटरींना एकदा विचारून घ्या. गोष्ट अजून वार्षिक सभेतल्या चहा-बिस्किटांपाशीच अडकली असेल, तर तुम्ही या भिंतींत आणखी तीन-चार पाडवे तरी काढणार. पोपडे बघत का काढायचे?

रंगाचं मी स्वतः करून फसले आहे. गणपतीच्या आत घर चकाचक हवं म्हणून ऐन श्रावणात रंगारी बोलावला. तो म्हणाला, ‘होऊन जाईल, बाई.’ झालंच. दिवाळीपर्यंत खिडकीखालच्या भिंतीला लोणा फुटला आणि रंगाचे पापुद्रे पापडासारखे हातात यायला लागले. दोष त्याचा निम्मा, निम्मा माझ्या घाईचा. भिंत आतून ओली असेल तर वर कितीही भारी रंग द्या, तो टिकत नाही. आत्ता हवा कोरडी आहे, हेच दिवस चांगले. तरी आधी एक करून बघा. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून सपाट करा आणि पोपडे आलेल्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलेलं दिसलं तर पाणी भिंतीतूनच येतंय. वरच्यांचं न्हाणीघर किंवा बाहेरचा पाइप आधी बघायला लावा, रंग नंतर. बाजू कोरडी असेल तर खुशाल सुरुवात करा.

आणि रंग साधा घ्या. छताला पांढरा डिस्टेंपर पुरे. भिंतींना जरा पुसता येईल असं स्वस्तातलं इमल्शन. पुट्टी सगळीकडे नको, खरवडलेल्या जागी पॅचपुरतीच. दर तिघांकडून घ्या आणि तो भिंतीच्या क्षेत्रफळावर आहे की रोजंदारीवर, मजुरीचा की मालासकट, हे कागदावर लिहून घ्या. शेडकार्डातला जो चौकोन तुम्ही सारखा उघडून बघता ना, तोच द्या. फक्त आधी छोटा डबा आणून दीड फूट भिंतीवर लावा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर असा तीनदा बघा. कार्डावरची अबोली भिंतीवर पार गाजरासारखी झालेली मी पाहिली आहे.

मात्र रंगाच्याही आधी दिवे. हे मी कितीजणींना सांगितलं असेल. वय झालं की डोळ्यातली बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडत जातं आणि आत पोचणारा उजेड तरुणपणाच्या मानाने खूपच कमी होतो. घर मळकट दिसतंय असं आपल्याला वाटतं, आणि बऱ्याचदा मळकट असते ती दोन्ही टोकं काळी पडलेली जुनी ट्यूबलाइट. तिच्या जागी वीस वॉटची एलईडी पट्टी लावा. चाळीस वॉटच्या ट्यूबइतका उजेड निम्म्या विजेत मिळतो. स्वयंपाकघरात दिवा छताच्या मधोमध असेल तर ओट्यापाशी उभं राहिल्यावर आपलीच सावली विळीवर पडते. कोथिंबीर चिरताना बोट वाचवायचं असेल तर ओट्याच्या वर, मांडणीच्या खालच्या कडेला एक बारीक पट्टी हवीच. बसायच्या खोलीत ३००० केल्विन लिहिलेला पिवळसर बल्ब घ्या. ६५०० चा पांढरा भगभगीत असतो, तो ओट्यावर ठीक, संध्याकाळी माणसाला दवाखान्यात बसल्यासारखं होतं.

न्हाणीघराबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहिते. उठताना हात कशाला धरता? टॉवेलच्या दांडीला ना? ती टॉवेलचं वजन पेलते, तुमचं नाही. स्टीलची जाड पकडदांडी आणा आणि ती टाइलमागच्या विटेत खोलवर स्क्रू मारून बसवून घ्या. काच-फरशीला चिकटणाऱ्या रबरी कपांच्या दांड्या स्वस्त मिळतात, त्यांच्या नादाला लागू नका. त्या नेमक्या आपण भार टाकला की सुटतात. दाराबाहेरचं घसरणारं पायपुसणंही उचला. पलंगापासून संडासापर्यंत रात्री आपोआप पेटणारा एक छोटा दिवा प्लगमध्ये खोचून ठेवा. चाळीसमधला पहिला खर्च हा. मुलगा याला नाही म्हणणार नाही, आणि म्हणाला तर त्याला माझा पत्ता द्या.

आता कपाट उघडा. ज्या साड्या नेसल्या जात नाहीत, द्यायला जीव होत नाही, त्या पलंगावर काढा. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. सात फुटी दाराचे दोन पडदे, वर दांडीची खोळ आणि खालची दुमड धरूनही, साडेपंधरा फुटांत बसतात. उरलेल्या अडीच फुटांत उशीचा अभ्रा. सुती इरकल किंवा नारायणपेठ असेल तर काठ उभे दोन्ही कडांना येतात आणि पडद्याला वेगळी किनार लावावी लागत नाही. जुन्या साडीला मधे विरळ झालेलं असतं, तेवढं उजेडात धरून बघून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात फाटेल. शिलाई सोडली तर हे फुकटात होतं. अगदी जीर्ण झालेल्यांची गोधडी. पैठणीला मात्र कात्री लावू नका. ती पाडव्याला नेसा.

ब्लाउज नवे शिवायच्या आधी जुने उलटे करून पाहा. शिंप्याने आत माया ठेवली असेल तर दोन शिलाया उसवल्या की इंच-दीड इंच मिळतो. आपल्याकडे त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे मला नेहमीच आवडत आलंय.

कुडत्यांसाठी गोखले रोडच्या काचेआडचे तयार पाहून या, हात लावून या, पण शिवा कापड घेऊन. तयार कुडत्यात खांद्याची शिलाई दंडावर उतरते आणि पोटावर ताणतं, कारण ते मापच आपल्यासाठी काढलेलं नसतं. शिंप्याला तीन गोष्टी सांगा. खांदा बरोबर खांद्याच्या हाडावर बसू दे. मुंढा सैल, रिक्षाच्या दांड्याला धरायला हात वर जायला हवा. आणि खिसे, दोन्ही बाजूंना, मोबाइल आणि किल्ली मावेल एवढे खोल. तो म्हणेल, लेडीजला खिसा चांगला दिसत नाही. ऐकू नका. खाली पायघोळ पलाझो नको, घोट्याच्या वर थांबेल अशी सरळ विजार. जिन्यात पायात येणारं कापड म्हणजे मोडलेलं हाड.

रंगांचं म्हणाल तर केस पांढरे व्हायला लागले की आपण आपोआप फिकट बदामी, राखाडीकडे वळतो, आणि चेहरा धुऊन काढल्यासारखा दिसतो. रुपेरी केसांना गडद रंग खुलतात. रामा, अंजिरी, मोरपिशी, गुलबक्षी. चारपैकी एक तरी गुलबक्षी घ्या.

केसांचा निर्णय उत्तम. काळ्या कलपात बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं. ते काहींना वर्षानुवर्षं चालतं आणि एके दिवशी एकदम उलटतं. खाज सुटते, कपाळ-पापण्या सुजतात. ‘अमोनिया नाही’ लिहिलेल्या डब्यातही ते असू शकतं. सोडताना मधले काही महिने मांजरीसारखे दोन रंग दिसतात, त्याची तयारी ठेवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. अगदी आखूड कापून घेतलेत तर वर्षभरात सुटाल, कमरेपर्यंतची वेणी ठेवलीत तर कित्येक वर्षं.

राहता राहिल्या जाऊबाई. ‘कोणाला दाखवायचंय’ या प्रश्नात त्या काय विचारत होत्या, ते तुम्हालाही कळलंय आणि मलाही. नवरा गेल्यावर बाईने रंगाकडे पाठ फिरवावी, हे त्या त्यांच्या सासूकडून शिकल्या असतील. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातलं एक गाव जे करू शकतं ते नौपाड्याला जड जाऊ नये. जाऊबाईंशी वाद मात्र घालू नका. साठीच्या पुढच्या जावांचे वाद कोणी जिंकत नाही. कौपिनेश्वराच्या देवळातून पाडव्याची स्वागतयात्रा निघते तेव्हा गुलबक्षी कुडता घालून जा आणि त्यांना ‘चला बरोबर’ म्हणा. आल्या तर आल्या.

आणि त्या खुर्चीचं. तुम्ही पत्रात तिला एकच ओळ दिलीत आणि मी पत्र वाचलं ते तिच्यासाठीच. टाकू नका, कोपऱ्यात चादर घालून झाकूनही ठेवू नका. सांगाडा हलवून बघा, सांधे कुरकुरत नसतील तर फक्त बैठक नव्याने विणून घ्या. प्लॅस्टिकच्या वायरने स्वस्तात होईल, पण वेतच घ्या. उन्हाळ्यात वेत हवा खेळू देतो. वर्षा-दोन वर्षांनी विणकाम सैल पडलं की खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, पुन्हा ताठ होतं. उठताना गुडघे बोलत असतील तर चारही पायांखाली सुताराकडून दोन-दोन इंचाचे ठोकळे ठोकून घ्या. बैठक गुडघ्याच्या उंचीला आली पाहिजे. उरलेल्या साडीचा अभ्रा पाठीशी. खिडकीपाशी ठेवा आणि शेजारी उभा दिवा, डाव्या खांद्यामागून उजेड येईल असा, म्हणजे शब्दकोडं सोडवताना हाताची सावली पडत नाही.

पहिल्या दिवशी बसताना कसंतरी होईल. चहा घेऊनच बसा. आणि जाऊबाई आल्या की त्यांना दिवाणावर बसवा.

— मावशी