मिक्सरला जोडली की अकूस्टिक गिटार पातळ का वाजते?

प्रश्न मालवणच्या एका मित्राचा आहे. ते किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवार गिटारवर गातात, सोबतीला काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोक्याचा ढोल) असतो. घरी गिटार भरीव वाजते, पण मिक्सरला लावली की आवाज टकटकीत, प्लास्टिकसारखा येतो. जरा वाढवला की घुमायला लागतो. पावसाळ्यानंतर तर तारांचे आवाजही कमीजास्त झाले आहेत. आता महागडा पेडल (आवाजाला रंग देणारी पायाने चालवायची डबी) घ्यावा, की गिटारच बदलावी?

आत्ता दोन्ही नको. आवाज तारेपासून स्पीकरपर्यंत ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर तो पहिल्यांदा जिथे बिघडतो तिथून दुरुस्ती सुरू करा. पेडल या वाटेवर बराच शेवटी येतो. आधीचं बिघडलेलं तो फक्त सजवून पुढे पाठवतो.

तुमच्या गिटारीत सॅडलखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पांढऱ्या पट्टीखाली, पिझोची (दाबाची वीज करणाऱ्या पदार्थाची) पातळ पट्टी असणार. दुकानातून पिकअपसह (कंपनाची वीज करणाऱ्या भागासह) येणाऱ्या बहुतेक गिटारींत तीच असते. ही पट्टी हवेतला आवाज ऐकत नाही. तारेच्या कंपनाने सॅडलवरचा दाब बदलतो, त्या दाबाची ती वीज करते. आपल्या कानाला जाणवणारा भरीवपणा मात्र पुढच्या फळीतून, पोटातल्या हवेतून आणि खोलीच्या भिंतींवरून येतो. त्यातलं पट्टीपर्यंत फारच थोडं पोचतं. म्हणून बेसचा नॉब फिरवून घरचा आवाज परत आणायचा प्रयत्न सोडून द्या. त्यातून फक्त घुमणं वाढतं.

आता तारांचे आवाज कमीजास्त होण्याबद्दल. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८० च्या वर असते. फळी पाणी धरते, ब्रिजच्या (सॅडल धरणाऱ्या, फळीवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्याच्या) मागे फुगते, तारा उचलल्या जातात आणि आवाज दबतो. ब्रिज जरासा कलला की सॅडलचा तळ पट्टीवर सगळीकडे सारखा टेकत नाही. मग एखादी तार ठणठणीत आणि शेजारची मुकी, असं होतं. एक-एक मोकळी तार सारख्याच जोराने छेडून स्पीकरवर ऐका. फरक स्पष्ट असेल तर सॅडलचा तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर अगदी सपाट करून घ्यावा लागेल. सॅडल खाचेत बोटांनी आत-बाहेर सरकली पाहिजे. ठोकून बसवावी लागली तरी वाईट आणि डुलली तरी वाईट. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडूनच करून घ्या. पण पावसाळ्यात लगेच नको. लाकूड सुकून मूळ आकारावर आलं की मगच सॅडलला हात लावा, नाहीतर दिवाळीनंतर तारा फ्रेटवर खरखरायला लागतील.

गिटार भिंतीला टांगू नका, विशेषतः जांभ्याच्या ओल धरणाऱ्या भिंतीला. बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापकही टाका. रिसॉर्टच्या एसी खोलीतून गिटार काढून थेट दर्यावर वाजवायला बसू नका. ती अर्धा तास आधी बाहेर ठेवा आणि मग सुरात लावा. खाऱ्या हवेत साध्या तारा लवकर मरतात, म्हणून इथे कोटिंग असलेल्या फॉस्फर ब्राँझ तारांना दोन पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते. जॅक आणि बॅटरीच्या पट्ट्यांवर चढलेला हिरवा गंजही काढा. बॅटरी उतरत आली की आवाज फाटतो आणि दोष पिकअपवर जातो. केबल जॅकमध्येच राहिली तर प्रीअँप (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) रात्रभर चालू राहतो, तेव्हा वाजवणं संपलं की ती काढून ठेवा.

यापुढची गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. तुमच्या गिटारीत बॅटरीवाला प्रीअँप असेल तर साधा डीआय बॉक्सही (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी डबी) चालेल. बॅटरीच नसेल, म्हणजे नुसती पट्टी थेट जॅकला जोडलेली असेल, तर मिक्सरच्या लाइन इनपुटला ती कधीही लावू नका. ही पट्टी विजेच्या दृष्टीने एक छोटासा कपॅसिटर असते, धरा एक नॅनोफॅरडचा. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, बऱ्याचदा १० ते ५० किलोओहम असतो. १० किलोओहमला हिशेब केला तर साधारण १६ हजार हर्ट्झच्या खालचं सगळंच उतरत जातं. तुमची सहावी तार ८२ हर्ट्झवर आहे, म्हणजे बेस केव्हाच संपला. हेच इनपुट १ मेगाओहमचं असेल तर उतार १६० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, १० मेगाओहमला १६ हर्ट्झवर. अशा गिटारीला ॲक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय किंवा अकूस्टिकसाठीचा प्रीअँप हवाच; उदाहरणार्थ, एल. आर. बॅग्ज कंपनीच्या पॅरा डीआयचं इनपुट १० मेगाओहमचं आहे. डीआय गिटारजवळ ठेवा. गिटार ते डीआय तीन मीटरची केबल पुरे. तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर केबल (माईकची तीन पिनांची केबल) बरीच लांब गेली तरी चालते.

हम (विजेची सततची गुणगुण) येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबून बघा आणि मिक्सर, स्पीकर एकाच बोर्डावरून घ्या. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणीही, कुठल्याही कारणाने काढायची नाही. ओल्या वाळूत अनवाणी पाय, हातात तारा आणि ओठ माईकला टेकलेले, अशा अवस्थेत अर्थिंग नसेल तर जीव जाऊ शकतो. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थिंगबद्दल साउंडवाल्या दादांना आधीच विचारा. त्यात संकोच करू नका.

आता ईक्यू, म्हणजे बेस, मिड, ट्रेबल कमीजास्त करणारे नॉब. सगळं मध्यावर ठेवून सुरुवात करा आणि वाढवण्याआधी कापा. लो-कट (ठरावीक सुराखालचं कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झला लावा. काहोन सोबत असल्याने तुम्हाला १०० पर्यंत गेलं तरी चालेल, खालची जागा त्याची आहे. टकटकीतपणा बहुधा १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये बसलेला असतो. मिड फिरवायचा नॉब असेल तर आधी वाढवून सर्वांत बोचरी जागा शोधा, मग तिथे ३-४ डेसिबल कमी करा. जोरात स्ट्रमिंग करताना आवाज चिरकत असेल तर प्रीअँपचा व्हॉल्यूम दोन-तृतीयांशावर आणा आणि उरलेलं मिक्सरवरून घ्या. उजवा हातही हलका ठेवा. ब्रिजजवळ जोरात मारलेली तार पिझोला कधीच मानवत नाही.

घुमण्याचं मूळ गिटारच्या पोटात आहे. मोठ्या आकाराच्या गिटारीतली हवा साधारण १०० हर्ट्झला घुमते आणि मोकळी पाचवी तार ११० ला आहे, म्हणून ए वाजवला की बहुधा तिथेच घुमणं सुटतं. दुसरी जागा २०० च्या आसपास, तिसऱ्या तारेच्या सुराजवळ. साउंडहोलला रबरी झाकण लावा. साध्या झाकणाने पडणारा फरक बघून थक्क व्हाल. त्यानंतर फेज बटण (सिग्नल उलटा करणारं), मग नॉच फिल्टर (घुमणारा एकच सूर कापणारा). स्पीकर तुमच्या मागे असतील तर यातलं काहीच पुरणार नाही. ते तुमच्यापुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायला सांगा. उघड्यावर भिंती नसतात, बेस समुद्राकडे निघून जातो, आणि तो परत मिळवायला सगळे बेस वाढवतात. किनाऱ्यावरची निम्मी शिट्टी तिथूनच येते.

बाराव्या फ्रेटसमोर २०-३० सेंटिमीटरवर कंडेन्सर माईक लावला तर आवाज सुंदर येतो, पण तो शांत सभागृहात. किनाऱ्यावर वारा, लाटा आणि काहोन त्यात शिरतील.

एवढं झाल्यावरही आवाज कोरडा वाटला तर मग इम्पल्स रिस्पॉन्सचा पेडल घ्या. तो माईकने घेतलेल्या गिटारच्या पोटाची छाप तुमच्या पिझोवर चढवतो आणि त्याचा परिणाम खरा असतो. ब्रिजखाली आतून चिकटवायचं पिकअप जास्त उबदार वाजतं, पण फीडबॅकही (म्हणजे घुमणं, शिट्टी) लवकर देतं. काहोनसोबत उघड्यावर वाजवणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. तुमच्या गिटारीत बॅटरी आहे का आणि मिक्सर कुठला आहे, एवढं सांगा, म्हणजे डीआय कोणता घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.