आधी विमान उलटं करून बघ

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं, चारही फोटो मिळाले. तू विकत घेतलेलं काडतुसांच्या पुंगळ्यांचं छोटं पितळी विमान खरंच युद्धकाळातलं की बनावट, पैसे जास्त गेले का, हे सगळं सांगतो, पण आधी एक. शेपटीचा एक कोपरा सुटलाय आणि तो तू रविवारी घरच्या सोल्डरिंग आयर्नने जोडणार आहेस. जोडू नकोस. त्या विमानाला उष्णता लावायची नाही, कानस लावायची नाही, ड्रिल तर नाहीच नाही.

कारण ऐक. तुझ्या विमानाची दोन अंगं म्हणजे काडतुसाच्या दोन पुंगळ्या. डाव्या पुंगळीच्या बुडाशी, मधोमध कॅपवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, खळगा दिसतो. बंदुकीची पिन तिच्यावर आपटलेली आहे, म्हणजे ती बहुधा उडालेली. उजवीचं बूड मात्र शेपटीच्या सावलीत गेलंय. तिथे कॅप सपाट असेल आणि पुंगळीला कुठे भोकही पाडलेलं नसेल, तर ती रिकामी आहे असं धरून चालता येत नाही. बनवणाऱ्याने स्वतः तिच्यावर डाख दिलाय, तेव्हा आतली दारू त्याने काढली असावी असं मलाही वाटतं. पण दारू काढली तरी कॅप जिवंत राहू शकते, आणि ‘असावी’च्या भरवशावर हातात तापलेलं आयर्न घ्यायचं नसतं. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांना वितळतो, आयर्नचं टोक ३०० च्या पुढे असतं. मधल्या गोळीचं टोकही नीट बघ. अमेरिकन अर्ध्या इंची गोळीवर काळा रंग असला तर ती चिलखत फोडणारी, निळा असला तर आग लावणारी, लाल असला तर ट्रेसर, म्हणजे मागे उजेडाची रेघ सोडणारी. इतक्या वर्षांत रंग उडून गेलेला असतो, म्हणून रंग दिसत नाही म्हणजे साधी गोळी, असं समजू नकोस.

कॅप सपाट निघाली तर विमान आहे तिथेच राहू दे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळव. रिक्षात घालून माझ्याकडे आणू नकोस. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. आणि रिकाम्या पुंगळ्यांचं असलं तरी असलं विमान बॅगेत घालून कधी विमानतळावर जाऊ नकोस.

आता तुझ्या विमानाबद्दल. हे पी-३८ लाइटनिंग, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान. खरं विमान पहिल्यांदा उडालं जानेवारी १९३९ मध्ये. दोन इंजिनं, मागे गेलेल्या दोन लांब नळ्या आणि मधल्या छोट्या डब्यात वैमानिक. काडतुसांतून विमान घडवायचं तर याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही: बाजूंना दोन पुंगळ्या, मध्ये एक गोळी, पत्र्याचे पंख, झालं. पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकन सैनिकांनी, विशेषतः मेकॅनिकांनी, अशी बरीच केली. खऱ्या लाइटनिंगच्या नाकात अर्ध्या इंचाच्या चार मशिनगन आणि २० मिलिमीटरची एक तोफ असे. म्हणजे विमान ज्या काडतुसांवर लढलं, त्याच काडतुसांचं त्याचं हे रूप. इतकी वर्षं बघतोय, तरी असं विमान हातात आलं की मी क्षणभर गप्पच होतो.

बुडावर इंग्रजी एस, एल आणि खाली नुसता ४ आहे. तुला तो लॉट नंबर वाटला. ते साल आहे. एस एल म्हणजे सेंट लुइसचा कारखाना, आणि १९४४ च्या काडतुसांवर पुष्कळदा ४४ ऐवजी एकच ४ मारलेला सापडतो. पण सालाने हुरळून जाऊ नकोस. साल सांगतं ते पुंगळी कधी बनली एवढंच. विमान त्याच्या आधीचं नाही, नंतरचं कितीही असू शकतं. बोस्नियातल्या साराएवोला १९९२ ते १९९६ वेढा पडला होता. तिथल्या जुन्या बाजारपेठेतले तांबट आजही पुंगळ्यांची पेनं, विमानं, रणगाडे करून पर्यटकांना विकतात. त्या कामात खोट काहीच नाही, उलट त्या शहराने जे सोसलं त्याचीच ती खूण आहे. खोट येते ती मधला कुणी तेच विमान १९४४ चं म्हणून गळ्यात मारतो तेव्हा.

म्हणून मी साल नंतर बघतो. आधी विमान उलटं करतो. वरची बाजू बनवणाऱ्याने लोकांसाठी घासलेली असते, खालची बाजू त्याची स्वतःची असते. तुझ्या तिसऱ्या फोटोत पंखाच्या खाली कानशीचे घाव दिसतात बघ. उजव्या पंखावर ते एका तिरक्या दिशेने आणि एकसारखे, डाव्यावर मध्येच दिशा बदललेली. पत्रा आवळून धरायला त्याच्याकडे व्हाइस, म्हणजे शिकंजा, नसावा. एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने घासला असेल, आणि डाव्या पंखाला हात अवघडला असेल. डाखही बघ: पहिल्या सांध्याला गोळा झालाय, शेवटच्या सांध्याला साफ वाहिलाय. काम करता करताच तो शिकला. साच्यातून निघालेल्या मालात असं शिकणं कुठे दिसणार? माझं मत विचारशील तर तुझं विमान हाताने केलेलं आहे, आणि दिलेल्या पैशाबद्दल तू झुरू नकोस.

नकली ओळखायच्या बाकीच्या खुणा पटकन सांगतो. पहिल्या महायुद्धातलं म्हणून विकत असतील आणि त्यात फुलीच्या खाचेचा स्क्रू असेल तर खाली ठेव. फिलिप्स स्क्रू बाजारात आला तोच १९३० च्या दशकात. डाखाच्या जागी काचेसारखा पिवळसर इपॉक्सी गोंद दिसला तर एक तर दुरुस्ती आहे नाहीतर नवं काम. अमेरिकन लष्करी विमानांवरच्या चांदणीच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला गेला आणि दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे १९४३ च्या मध्यावर आले, तेव्हा रंगवलेली चांदणीही साल सांगते. ब्रिटिश थ्री-नॉट-थ्री रायफलच्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते, अमेरिकन थर्टी-नॉट-सिक्स रायफलच्या पुंगळीला ती नसते. कुठल्या फौजेच्या पुंगळ्या हाताशी होत्या, हे अंधारातसुद्धा नखाने कळतं.

युद्धातल्या पुंगळ्या-भंगारातून केलेल्या अशा वस्तूंना ट्रेंच आर्ट, म्हणजे खंदकातली कला, म्हणतात. पण त्या नावावर जाऊ नकोस. खंदकात बसून ठाक-ठाक ठोके घालायला कुणाला सवड होती, आणि तो आवाज समोरच्या शत्रूला ऐकू गेला असता. यातलं बहुतेक काम आघाडीच्या मागे झालं: इंजिनिअर पलटणींच्या वर्कशॉपमध्ये, इस्पितळात बरे होत असलेल्या जवानांकडून, युद्धकैद्यांच्या छावण्यांत. ब्रिटिशांच्या कैदेतल्या तुर्की सैनिकांनी मण्यांचे साप विणले आणि त्यांतच ‘तुर्की कैदी’ अशी इंग्रजी अक्षरंही विणली. १९१८ नंतर बेल्जियम-फ्रान्समधले गावकरी रणभूमी बघायला येणाऱ्यांना तोफगोळ्यांच्या नक्षीदार पुंगळ्या विकून पोट भरत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कारखान्यांतले कामगार कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या पितळेचं स्वतःसाठी काहीबाही करत. तिकडे अशा कामाला ‘फॉरिनर’ म्हणत. टेबलावर ठेवायची पितळेची कितीतरी छोटी स्पिटफायर, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानं, अशीच जन्मली असणार. मी जन्मभर टूलरूममध्ये काम केलं, त्यामुळे हे चोरटं काम आणि त्यात ओतलेला जीव मला आतून कळतो.

आता माझ्या हातून झालेली चूक, जी मी कुणाला फारशी सांगत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात मला थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीचं एक दुपंखी, म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्यांचं, विमान मिळालं. बुडावर के आणि एफ, म्हणजे आपली खडकीची काडतूस फॅक्टरी, १८६९ सालची. साल ३८. हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने १९३३ मध्ये सुरुवात केली ती वापिटी नावाच्या चार दुपंखी विमानांवर, आणि नंतर काही वर्षं दुपंखीच चालली. भंगारवाला ते मोडीत घालायला निघाला होता. पितळेच्या भावाने मी ते उचललं. मीही खडकीतच वाढलेला. घराजवळच्या फॅक्टरीतली पुंगळी कुणाच्या तरी हातात विमान झाली होती. खालच्या डाव्या पंखाखाली खिळ्यासारख्या टोकाने एक अक्षर आणि चार आकडे कोरलेले होते, इतके बारीक की ऊन तिरपं पडलं तरच दिसायचे. विमानाचा नंबर असेल, कुणा जवानाचाही असेल. मी तो कागदावर उतरवला नाही. घरी आलो, चिंचेने घासलं, मन भरलं नाही म्हणून बफच्या, म्हणजे पॉलिशच्या, फिरत्या चाकाला लावलं. विमान सोन्यासारखं झळकलं आणि पंखाची खालची बाजू आरशासारखी कोरी झाली. ते आकडे आठवायचा मी आजही प्रयत्न करतो. पहिला सात होता की एक, इथेच गाडी अडते.

म्हणून तुझ्या विमानाचा काळपटपणा राहू दे. धूळ मऊ ब्रशने झटक, मलमलीच्या कोरड्या फडक्याने पूस, बस्स. पितळ चकाकवणाऱ्या बऱ्याच द्रवांत अमोनिया असतो, आणि काडतुसाच्या पितळेचा तो जुना वैरी आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवत. पावसाळा सरेपर्यंत पुंगळ्यांना आपोआप भेगा पडत. पुंगळी पत्र्यातून ओढून काढलेली असते, तो ताण पितळेत दबून राहतो. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा एकत्र आली की तो ताण भेगेवाटे बाहेर पडतो. कारणाचा नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. तेव्हा तुझं विमान साफसफाईच्या द्रवांच्या कपाटात किंवा बाथरूमशेजारी ठेवू नकोस. रबराच्या मॅटवरही नको, रबरातल्या गंधकाने पितळ काळं पडतं.

पुढेमागे पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकचं विमान मिळालं, म्हणजे कॉकपिटच्या फुटक्या काचेतून कापलेलं, तर त्याला स्पिरिट किंवा काच पुसायचा फवारा कधी लावू नकोस. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उठतात आणि त्या परत जात नाहीत. साधं पाणी आणि मऊ कापड. विमानाच्या बैठकीत जुना डायल बसवलेला असेल आणि आकड्यांवर तपकिरी पडलेला रंग असेल, तर त्याची काच उघडू नकोस. तो रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी, रंग असू शकतो. अंधारात चमकायचा थांबला तरी रेडियम आहे तसंच असतं.

आणि एक वही घाल. कुठे घेतलं, कुणी काय सांगितलं, हे त्याच्याच शब्दांत लिही आणि त्यापुढे ‘विकणाऱ्याने सांगितलं’ असंही लिही. तुझा अंदाज वेगळ्या पानावर. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आणि कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये अशा वस्तूंचा मोठा साठा आहे, आणि त्यांच्या याद्या घरबसल्या बघता येतात. तुझ्या विमानाच्या जवळचं तिथे काही सापडलं तर कळव, मलाही बघायचंय.

सध्या फक्त फोटो पाठव. फ्लॅश नको, सकाळच्या उन्हात खिडकीशी. एक मागून, उजव्या पुंगळीचं बूड पूर्ण दिसेल असा. एक खालून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. उचलताना मधून उचल, शेपटीला धरू नकोस. सुटलेला तुकडा छोट्या डबीत घालून वर तारीख टाक.

तुझा,
काका

ता. क. पंखाखाली काही कोरलेलं आहे का, ते विजेरी आडवी धरून बघ. असेल तर आधी कागदावर उतरव, मग मला लिही.