मोठा हॉल, बेताचं बजेट: स्पीकर कुठले घेऊ?

प्रश्न: नमस्कार. आमचं घर फोंड्याजवळ, जुनं चिऱ्याचं, नुकतीच दुरुस्ती केली. हॉल २४ बाय १८ फूट, वर मंगलोरी कौलं, आतून सिलिंग मारलेलं नाही, भिंतीकडे उंची १० आणि मधे १४ फूट, एका बाजूने जेवणाची खोली उघडीच आहे. टीव्ही ५५ इंची, सोफा टीव्हीपासून १४ फुटांवर. बजेट सगळं मिळून ८० हजार, त्याच्यावर एक रुपया घरातून मिळणार नाही. दुकानदार म्हणतो १००० वॉटचा ५.१ सेट (पाच स्पीकर आणि एक वूफर) घेऊन जा, मुलगा म्हणतो अ‍ॅटमॉसवाला साऊंडबार घेऊया, मला एवढंच हवंय की आठ माणसं बसली तर सगळ्यांना डायलॉग नीट समजावेत. आता टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी आई 'काय म्हणाला तो?' विचारतेच. काय घेऊ?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: आईला डायलॉग समजला म्हणजे सेट बरोबर घेतला, असं धरून चालूया, दणके-बिणके नंतर बघता येतील.

आधी हॉलचं गणित. २४ गुणिले १८ गुणिले सरासरी उंची १२, म्हणजे ५ हजार घनफुटांच्या वर गेलं, आणि जेवणाची खोली उघडी आहे ती यात धरलेलीच नाही. पणजीतल्या फ्लॅटचा हॉल १२ बाय १६ आणि उंची साडेनऊ धरा, तो होतो १८०० च्या आसपास. तुमच्याकडे जवळजवळ तिप्पट हवा हलवायचीय. बॉक्समधे सगळं एकत्र येतं ते सेट त्या छोट्या हॉलसाठीच ठीक असतात, तुमच्याकडे लावलात तर चवथीला सगळे जमल्यावर कोणाला काही ऐकूच येणार नाही.

आता ते १००० वॉट. दुकानदाराला एकच विचारा, हे आरएमएस (सलग देता येणारे खरे वॉट) आहेत का, आणि एका चॅनेलला, म्हणजे एका स्पीकरला, किती. बहुतेक वेळा सगळ्या चॅनेलची बेरीज करून, आवाज फाटेपर्यंत ताणून तो आकडा काढलेला असतो, आणि पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर तो आकडा वाचायचाच नाही. खरं बघायचं ते सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, त्यामुळे ८५ चा स्पीकर ९१ च्या स्पीकरएवढा वाजवायचा तर चौपट वॉट लागतात, आणि हे चौपट वॉट देणाऱ्या अ‍ॅम्पला पैसे लागतात जे आपल्याकडे नाहीत. तुम्ही ८८ च्या पुढचा स्पीकर घेतलात तर १ वॉटला तुमच्या सोफ्यापर्यंत साधारण ७८ डेसिबल पोचतात (मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, खोलीत भिंती असल्याने थोडे कमी जातात). घरात बोलणं ६५-७० ला मस्त ऐकू येतं, आणि बाँब फुटला तेव्हा ९० गेला तरी शेजारी दार वाजवायला येतील. ७८ वरून ९० ला जायला लागतात १५-१६ वॉट! म्हणून प्रत्येक चॅनेलला प्रामाणिक ६०-७० वॉट देणारा साधा रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटणारा अ‍ॅम्प) पुष्कळ झाला, १००० वॉटच्या नादाला लागू नका.

त्या बॉक्स सेटात आणखी एक गोम असते. ते मुठीएवढे सॅटेलाईट स्पीकर दीड-दोनशे हर्ट्झच्या खाली, म्हणजे जाड आवाजात, उतरतच नाहीत, मग पुरुषी आवाजाचा खालचा भाग वूफरमधून काढावा लागतो, आणि वूफर कुठेतरी कोपऱ्यात असतो, त्यामुळे माणूस बोलतो टीव्हीत आणि त्याचा घोगरेपणा येतो खिडकीखालून. साडेपाच-सहा इंची वूफरवाला बुकशेल्फ स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत आरामात उतरतो आणि त्याच्या खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला कळत नाही, म्हणून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज वूफरकडे जातो ती रेषा) बहुतेक जण ८० लाच ठेवतात.

तर माझं म्हणणं असं, ५.१ आत्ता घ्यायचंच नाही. ३.१ घ्या. पुढे डावा, उजवा आणि मधला सेंटर, तिन्ही एकाच कंपनीचे एकाच सिरीजमधले, आणि एक सबवूफर, बस्स. सिनेमातले बहुतेक सगळे डायलॉग सेंटरमधून येतात, म्हणजे आईचं काम तिथेच झालं. मागचे दोन (सराउंड) पुढच्या दिवाळीला घ्या. तोवर रिसीव्हरच्या सेटिंगमधे सराउंड नाहीत असं सांगून ठेवायचं, तो मागचा आवाज पुढच्या स्पीकरांत आणून देतो, काही हरवत नाही. मी वाटणी अशी करीन: ५.१ चा साधा रिसीव्हर २७ हजारांपर्यंत, पुढचे तीन मिळून २७, सबवूफर २०, उरलेले ६ वायर आणि पडद्यांना. दुकानागणिक हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील, पण सब आणि सेंटर यांच्यात काटकसर करून ते पैसे टॉवर स्पीकरवर घालवू नका, सब असताना टॉवरचं काम अर्धं राहतच नाही. सब शक्यतो १२ इंची बघा. १० इंचीपेक्षा त्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट भरतं, आणि तुमच्या हॉलमधे जेवणाच्या खोलीचीही हवा त्यालाच ढकलायचीय.

मुलाला सांगा, साऊंडबारमधला वर तोंड करून असलेला स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतो, त्याला सपाट आणि फार उंच नसलेलं छत लागतं. तुमच्याकडे उतरती कौलं, वासे आणि रिपा, त्यातून आवाज कुठे जाईल ते पाकोळ्यांनाच माहीत. अ‍ॅटमॉसचे पैसे वाचवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही कारण ते दुकानात मिळत नाही. हॉलच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. 'टर्रर्र' करून शेपूट ऐकू आली ना? चिऱ्यावर गिलावा, खाली टाईल्स, मोठ्या काचेच्या खिडक्या, सगळं कडक. एक शब्द विरायच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर बसतो, म्हणून आवाज मोठा केला तरी समजत नाही, उलट घुमणंपण तेवढंच मोठं होतं. महागातला स्पीकर आणलात तरी हेच होणार. टीव्ही आणि सोफ्याच्या मधे जाड सतरंजी टाका, खिडक्यांना चुण्या भरपूर पडतील असे जाड पडदे लावा (खिडकीच्या दुप्पट कापड घ्या, ताणून लावलेला पडदा काही शोषत नाही), सोफ्यामागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट चालेल. गालिचा नको, पावसात त्याला बुरशी येते आणि वास जात नाही, सतरंजी कशी गुंडाळून ठेवता येते. कोणी आवाज शोषणारे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनेल सुचवले तर चांगलेच आहेत पण भिंतीला चिकटवू नका, मागे दोन बोटं हवा खेळू दे, चिऱ्याच्या भिंतीला ओल येतेच.

सेंटर टीव्हीच्या कपाटात आत ढकलून ठेवू नका, फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली असेल तर पुढून थोडा उचलून तोंड कानाकडे करा. डावा-उजवा टीव्हीपासून जरा लांब, एकमेकांत आठ-नऊ फूट, तोंड सोफ्याकडे. सबची जागा शोधायची युक्ती जुनीच आहे पण कोणी करत नाही: सब सोफ्यावर बसण्याच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा, जिथे बेस भरीव पण घुमका नाही असा वाटेल तिथे सब ठेवायचा. घरचे विचारतील काय हरवलं, विचारू दे.

रिसीव्हर आणि टीव्ही एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज त्याच वायरीने रिसीव्हरकडे आणणारं पोर्ट) जोडा, टीव्हीत साऊंड आऊटपुट 'बिटस्ट्रीम' (आवाज जसाच्या तसा पुढे पाठवणारं) करा (बऱ्याच टीव्हीत ते पीसीएमवर असतं आणि मग स्टिरिओच जातं), टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद. रिसीव्हरबरोबर माईक येतो तो सोफ्यावर डोक्याच्या उंचीला ठेवून कॅलिब्रेशन (स्पीकरांची आपोआप जुळवणी) करा, ते झाल्यावर सेंटर हाताने २-३ डेसिबल वाढवा, आईसाठी. मराठी मालिका आणि बातम्या बहुतेक स्टिरिओतच येतात, त्यांना रिसीव्हरवरचा डॉल्बी सराउंड मोड लावलात की बोलणं ओढून सेंटरमधे आणतो. रात्री नाईट मोड लावा, स्फोट दबतात आणि कुजबूज वर येते.

खरेदीला पणजी, मडगाव, म्हापसा कुठेही जा, पण दुकानातला डेमोचा सिनेमा ऐकू नका, त्यात नुसती विमानं उडतात. पेनड्राईव्हवर एखादं मराठी नाटक आणि एखादं नाट्यगीत घेऊन जा, अभिषेकीबुवांचा आवाज आपल्या कानात बसलेला आहे, तो नाकातून आल्यासारखा वाटला तर तो स्पीकर नको. आणि दुकानातली डेमो रूम छोटी, गादी मारलेली असते, तिथे सगळंच गोड लागतं हे लक्षात ठेवा.

जून-जुलैत कौलांवर पाऊस धरला की मात्र कुठलाही सेट हरतो. तेव्हा सबटायटल. पुढेमागे कौलांखाली लाकडी सिलिंग मारणार असाल तर पावसाचा आवाजही उतरेल आणि हॉलचं घुमणंही.

प्रश्न: माझे सासरे बोटीवर होते, त्यांनी ८० च्या दशकात एक जपानी स्टिरिओ सेट आणला होता, दोन मोठे लाकडी स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर. बरीच वर्षं तो माळ्यावर पडून आहे, स्पीकरच्या कडेचा फोम हात लावला तर पीठ होतो आणि कोनवर पांढरे डाग आलेत. मिस्टर म्हणतात भंगारात देऊया, मला जीव होत नाही. होम थिएटरला वापरता येईल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: वहिनी, भंगारात अजिबात देऊ नका, निदान स्पीकर तरी. त्या काळातल्या फोमच्या कडा आपल्या दमट हवेत अशाच जातात, कोन आणि कॉइल बहुतेक वेळा शाबूत असतात. आधी हे बघा: स्पीकर आडवा ठेवून कोन दोन्ही हातांनी सगळीकडून सारखा हलकेच आत दाबा, आत खरखर घासल्याचा आवाज आला नाही तर कॉइल ठीक आहे. मग फक्त कड बदलायची, स्पीकर दुरुस्त करणारे करून देतात, त्यांना रबराची कड बसते का ते विचारा, ती आपल्याकडे जास्त टिकते. पांढरे डाग बुरशीचे आहेत, कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका, कागदी कोन मऊ पडतो.

मागे चिकटवलेल्या पट्टीवर ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) बघा. ६ किंवा ८ असेल तर आजच्या साध्या रिसीव्हरला खुशाल लावा, ४ असेल तर रिसीव्हर तापेल, आधी त्याच्या मॅन्युअलमधे बघून घ्या. तुमचं बजेट कमी असेल तर हेच पुढचे डावे-उजवे करा, फक्त एक सेंटर आणि सब नवा घ्या. त्यांच्याशी सेंटरचा आवाज तंतोतंत जुळणार नाही, पण मोठ्या लाकडी पेटीतला बेस आजच्या स्वस्तातल्या स्पीकरला येत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र थेट प्लगात घालू नका! जपानातल्या घरांसाठीचा असेल तर १०० व्होल्टचा असतो, बोटीवर वापरायचा ११० चाही असू शकतो, २३० मिळाले की धूर. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २२० किंवा २४० वर आहे का ते आधी बघा. तसं असलं तरी इतकी वर्षं बंद पडलेल्या अ‍ॅम्पचे कपॅसिटर कारागिराकडून तपासून मगच चालू करा.

प्रश्न: मे महिन्यातल्या गडगडाटात आमच्या टीव्हीचे एचडीएमआय पोर्ट गेले, स्पाईक गार्ड लावलेला होता तरी. आता रिसीव्हर घेतोय, त्याचं काय करू? स्टॅबिलायझर लावू?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: स्टॅबिलायझर व्होल्टेज वरखाली होतं त्याच्यासाठी, विजेला तो काय अडवणार. तुमचे नेमके एचडीएमआय पोर्ट गेले म्हणजे वीज बहुतेक प्लगातून आलीच नाही, केबलच्या किंवा डिशच्या वायरीतून सेट टॉप बॉक्समधे आणि तिथून टीव्हीत शिरली. रिसीव्हर लावलात की आता मधे तोच सापडणार. गडगडायला लागलं की पॉवरचा प्लग काढायचा आणि डिशची वायरसुद्धा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. इंटरनेट फायबरचं असलं तरी काढा, काच वीज नेत नाही हे खरं पण बाहेरून येणाऱ्या त्या काळ्या वायरीत ताण धरायला पुष्कळदा लोखंडी तार असते.

स्पाईक गार्ड जादाचं व्होल्टेज अर्थिंगमधे सोडतो, अर्थिंगच नसेल तर तो फक्त जोडपट्टी. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, आपली तांबडी जमीन एप्रिल-मेमधे सुकली की अर्थिंग ढिलं पडतं, म्हणून अर्थ पिटमधे उन्हाळ्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतत जा. रिसीव्हर भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, वर क्रोशाचं फडकं घालू नका, आणि पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतली ओल त्याच्याच गरमीने जाते. स्पीकर वायरींची उघडी टोकं खाऱ्या हवेने हिरवी पडली असतील तर तेवढं टोक कापून नवीन सोला. वायर घेताना तांब्याचीच मागा, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते पण वळवताना तुटते.