तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : वास्को नावाचा क्लब आणि ती बारा पोरं

मागच्या अंकात ब्राझीलच्या क्लब फुटबॉलवर दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नच प्रश्न आले, आणि निम्म्याहून जास्त एकाच क्लबबद्दल. म्हणून यावेळी सगळी जागा वास्को द गामाला.

प्रश्न : मी गोव्यातल्या वास्कोचा. ब्राझीलच्या वास्को द गामा क्लबचा आमच्या गावाशी काही संबंध आहे का? (एक वाचक, गोवा)

संबंध आहे तो नावापुरता, म्हणजे दोघांची नावं एकाच माणसावरनं आलीत. रिओ दि जानेरोमधे पोर्तुगालहून आलेली बरीच माणसं दुकानं आणि छोटेमोठे धंदे करायची, त्यांनी 21 ऑगस्ट 1898 ला हा क्लब काढला. पोर्तुगीज जहाजं भारतात पोचली त्याला तेव्हा 400 वर्षं होत होती, त्याची हवा होती, म्हणून ते नाव. आणि क्लब फुटबॉलचा नव्हताच, होड्या वल्हवायच्या शर्यतींचा होता, आजही अधिकृत नावात 'रेगाटा' आहेच. फुटबॉल आलं ते 1915 मधे. तुमच्या गावचा वास्को स्पोर्ट्स क्लब 1951 चा, तो पूर्ण वेगळा. आपल्याकडे त्या नावाला जो इतिहास चिकटलाय तो रिओतल्या त्या दुकानदारांच्या डोक्यात नव्हता, त्यांच्यासाठी ती गावाकडची आठवण होती.

प्रश्न : काळ्या खेळाडूंना पहिल्यांदा वास्कोने खेळवलं असं वाचलं, हे खरं का? आणि ते पत्राचं प्रकरण काय? (एक वाचक, सांगली)

पहिल्यांदा नाही. रिओतल्याच बांगू या गिरणीवाल्या क्लबकडनं 1905 मधेच फ्रान्सिस्को कारेगाल खेळला होता. वास्कोने 1904 मधेच कांदिदो जोझे दे आराउजो या गोऱ्या नसलेल्या माणसाला क्लबचा अध्यक्ष केलं होतं ही पण मोठी गोष्ट. पण वास्कोचं खरं मोठेपण 1923-24 मधलं आहे आणि ते नीट सांगायलाच हवं.

तेव्हा रिओचं फुटबॉल म्हणजे फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो, अमेरिका हे क्लब, आणि त्यांत सगळी बड्या घरची, शिकलेली, गोरी पोरं. खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत असा नियम, म्हणजे ज्याचं पोट दुसऱ्या कशावर तरी आरामात भरतंय त्यानेच खेळायचं. वास्को 1922 मधे खालच्या डिव्हिजनमधे जिंकून वर आला आणि टीममधे कोण, तर काळे, मिश्र वंशाचे आणि गरीब गोरे, सगळी कष्टकरी माणसं, गोलकीपर नेल्सन दा कॉन्सेसांव तर टॅक्सी चालवायचा. कागदावर यातले बरेचजण पोर्तुगीज दुकानदारांकडे नोकरीला, प्रत्यक्षात दिवसभर प्रॅक्टिस. कोच होता उरुग्वेचा रामोन प्लातेरो, तो पोरांना इतकं पळवायचा की दुसऱ्या हाफमधे समोरच्यांची दमछाक व्हायची आणि हे मात्र ताजे, पहिल्या हाफमधे मागे असलेल्या मॅचेस त्यांनी अशाच फिरवल्या. वरच्या डिव्हिजनमधलं पहिलंच वर्ष आणि 1923 ची चॅम्पियनशिप खिशात! काळे शर्ट घालायचे म्हणून त्या टीमला अजून 'काळे शर्टवाले' म्हणतात.

हे बड्यांना पचलं नाही. 1924 मधे त्यांनी जुनी लीग सोडून नवी संघटना काढली, आणि वास्कोला सांगितलं की यायचं तर या, पण 12 खेळाडू काढा, सात पहिल्या टीमचे आणि पाच दुसऱ्या टीमचे. आता यात बघण्यासारखं हे की 'काळे नकोत' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. नोकरी नीट आहे का, लिहिता-वाचता येतं का, क्लबला स्वतःचं बरं मैदान आहे का, सगळी भाषा अशी स्वच्छ. पण चाळणी लावली की बाहेर कोण पडणार ते सगळ्यांना माहीत होतं. मला यातलं सगळ्यात चीड आणणारं हेच वाटतं, की अपमान करायचा आणि कागद मात्र निर्मळ ठेवायचा.

वास्कोचे अध्यक्ष जोझे ऑगुस्तो प्रेस्तेस यांनी 7 एप्रिल 1924 ला उत्तर पाठवलं. छोटंच पत्र आहे, शब्दही सभ्य, आणि त्यातही रंगाचा उल्लेख नाही. मतलब असा की हे 12 जण बहुतेक तरुण आहेत, नुकती सुरुवात करतायत, ज्या घराने त्यांना जवळ केलं तेच घर त्यांच्या नावाला डाग लावणार नाही, तेव्हा आम्ही तुमच्या संघटनेत येत नाही. संपलं. आणि मग त्या वर्षी वास्को उरलेल्या जुन्या लीगमधे खेळला आणि एकही मॅच न हरता जिंकला. 1925 मधे नव्या संघटनेने त्यांना आत घेतलंच, कारण माणसं मॅच बघायला वास्कोच्याच यायची.

प्रश्न : त्यांचं स्टेडियम लोकवर्गणीतून झालं म्हणतात? (एक वाचक, नाशिक)

हो. मैदान नाही हा टोमणा कायमचा बंद करायला सभासद वाढवायची मोठी मोहीम काढली, छोटे छोटे पैसे गोळा केले, सरकारी मदत नाही. जून 1926 मधे पायाभरणी आणि 21 एप्रिल 1927 ला साओ जानुआरिओ उघडलं पण! पहिल्या मॅचला सांतोस क्लबकडून 5-3 हरले ते सोडा. 1930 मधे उरुग्वेत सेंतेनारिओ होईपर्यंत अख्ख्या दक्षिण अमेरिकेत एवढं मोठं स्टेडियम नव्हतं. राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ वार्गास 1 मेची कामगारांसमोरची भाषणं इथे करायचे, यावरून काय ते समजा.

प्रश्न : 1950 च्या वर्ल्ड कपचा गोलकीपर बार्बोसा वास्कोचाच ना? (एक वाचक, पुणे)

वास्कोचाच, आणि त्याच्याबद्दल लिहिताना अजूनही वाईट वाटतं. मोआसिर बार्बोसा त्या काळातल्या सगळ्यात भारी गोलकीपर्सपैकी एक. 1948 मधे सांतियागोला दक्षिण अमेरिकेतल्या चॅम्पियन क्लबांची स्पर्धा झाली, लिबेर्तादोरेस या आजच्या दक्षिण अमेरिकन क्लब स्पर्धेची आईच म्हणा, त्यात शेवटच्या मॅचला समोर दी स्तेफानोची अर्जेंटिनातली रिव्हर प्लेट, बार्बोसाने त्यांच्या लाब्रुनाची पेनल्टी अडवली, 0-0 झालं आणि वास्को चॅम्पियन.

मग 16 जुलै 1950, रिओचं माराकाना स्टेडियम, वर्ल्ड कपची शेवटची मॅच, समोर उरुग्वे. ब्राझीलच्या त्या दिवशीच्या अकरा जणांत वास्कोचे पाच होते, बार्बोसा, कॅप्टन ऑगुस्तो, दानिलो, आदेमिर, शिको, आणि कोच फ्लाविओ कोस्ताही वास्कोचाच. ब्राझीलला कपसाठी ड्रॉ पण पुरला असता. उरुग्वेच्या गिज्जाने 79 व्या मिनिटाला जवळच्या पोस्टच्या बाजूने गोल मारला, 2-1, आणि देशाने खापर कोणावर फोडलं तर बार्बोसा आणि बचाव फळीतले बिगोदे, जुवेनाल, तिघेही काळे. त्याच मोसमाची रिओची चॅम्पियनशिप वास्कोने बार्बोसाला गोलमधे ठेवूनच जिंकली हे कोणी आठवत नाही. 1993 मधे तो नॅशनल टीमच्या कॅम्पला भेटायला गेला तर त्याला आत सोडलं नाही. 2000 मधे तो वारला. ब्राझीलमधे जास्तीत जास्त शिक्षा 30 वर्षांची, मी मात्र 50 वर्षं भोगतोय, असं तो म्हणायचा. ज्या गावात 12 पोरांसाठी एक क्लब अडून बसला त्याच गावात एका माणसावर अख्खा देश तुटून पडला.

प्रश्न : ट्रॉफ्या किती, आणि आता क्लब कसा आहे? (एक वाचक, ठाणे)

राष्ट्रीय चॅम्पियनशिप चार, 1974, 1989, 1997, 2000. लिबेर्तादोरेस 1998 ला, म्हणजे बरोब्बर शंभराव्या वर्षी. पण बघायचीच तर 2000 ची मेर्कोसुर कप या दक्षिण अमेरिकन क्लब स्पर्धेची फायनल बघा, पाल्मेइरासच्या मैदानात हाफ टाइमला 3-0 मागे आणि शेवटी 4-3 ने जिंकले, रोमारिओचे तीन गोल! त्यानंतर उतरण, 2008 पासून 2020 पर्यंत चारदा खालच्या डिव्हिजनमधे गेले. 2022 मधे अमेरिकन कंपनीला 70 टक्के हिस्सा विकला, तेही बिनसलं, 2024 मधे कोर्टातून ताबा क्लबकडे परत आला.

प्रश्न : पेलेचा हजारावा गोल वास्कोविरुद्धच होता का? (एक वाचक, कोल्हापूर)

हो, 19 नोव्हेंबर 1969, माराकानावर, पेनल्टी, गोलमधे अर्जेंटिनाचा आंद्रादा. आणि 1957 मधे सोळा वर्षांचा पेले सांतोस-वास्कोच्या एकत्र टीमकडनं वास्कोचाच शर्ट घालून माराकानावर खेळला होता, पोर्तुगालच्या बेलेनेन्सेस क्लबविरुद्ध तीन गोल मारले. नॅशनल टीममधे तो आला त्यानंतर.